तुझं दार मागचं

अंगणातल्या शेडचे पत्रे पुढच्या आठवड्यात उतरवायचे ठरलेत, तुला काही न्यायचं असेल तर येऊन बघ, असा भैयाचा फोन आला आणि मी नांदेडहून सकाळच्या एस.टी.नं लातूरला आले. भैया माझा थोरला भाऊ. न्यायचं खरं तर काहीच नव्हतं. आईच्या साड्या ती गेली तेव्हाच वाटून झाल्या, तिची पितळी भांडी भैयाच्या बायकोनं नीट घासून वर ठेवलीत. तरी आले. कुणी काही पाडणार म्हटलं की मला घरी बसवत नाही.

शेडमध्ये पाय ठेवला की आधी वास येतो. तापलेल्या पत्र्याचा, जुन्या गोणपाटांचा, आणि त्याच्या खालून कुठूनतरी अजूनही रॉकेलच्या स्टोव्हचा. मी पुढच्या दाराच्या उंबऱ्यात थांबले. शेडला दारं दोन. आईच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक जागेला दोन दारं असायचीच. समोर, मागच्या दाराला टेकून, भैयाचा जुना सर्व्हर धूळ खात उभा होता. आत जाऊन मी वाकून त्याची पाठ बघितली. एकाखाली एक चार नेटवर्क कार्डं बसवलेली. एका संगणकाला एक कार्ड पुरतं, ह्याला चार. एका कार्डाच्या तोंडात तारेच्या टोकाचा प्लॅस्टिकचा तुकडा तुटून अडकलेला, तो अजून तसाच होता.

ह्या चार कार्डांचं सांगायचं तर आधी दाराचं सांगावं लागतं.

भूकंप झाला तेव्हा मी लहान होते, शाळेत नुकती रुळले होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलो होतो, गुलाल कानामागं तसाच होता. पहाटे घर हललं, मांडणीवरची भांडी धडाधड खाली आली आणि अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला काखेत धरून अंगणात आणलं. आमच्या घराला भेगा पडल्या, बाकी काही झालं नाही. पण औशाच्या पलीकडं मावशीचं गाव होतं. तिकडची घरं दगडमातीची, भिंती हातभर रुंद, वर मातीचं धाबं. मावशी दारापर्यंत आली होती. घरातली सगळीच दारापर्यंत आली होती. आई तिकडं जाऊन आली आणि ह्याविषयी आयुष्यभर एकच वाक्य बोलली, "एकच दार होतं." त्यापुढं तिला कुणी काही विचारलं नाही.

मग अख्खं लातूर अंगणात राहायला आलं. आमच्याही अंगणात लिंबाखाली पत्र्याचं शेड उभं राहिलं. थंडीत पत्र्याला आतून घाम सुटायचा आणि पहाटे पांघरुणावर थेंब पडायचे. उन्हाळ्यात आई पत्र्यावर गोणपाटं टाकून पाणी मारायची, त्याचा ओला, उबट वास दुपारभर राहायचा. पाऊस आला की बोलणं बंद, हातवाऱ्यांवर स्वयंपाक. गंजातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, डाळ मिलची पिवळी धूळ वाऱ्यानं येऊन बसायची, पाटीवर बोटानं अक्षर काढावं तशी मी त्या पत्र्यावर माझं नाव काढायची. मला ते दिवस लई आवडायचे, हे आईला कधी सांगितलं नाही.

वर्ष उलटलं तशी गल्लीतली माणसं एकेक करून घरात गेली. आम्ही नाही गेलो. आई स्लॅबखाली जायला तयारच नव्हती.

"अगं, आपलं घर सिमेंटचं हाय," अप्पा म्हणायचे. त्यांचं गंजात आडतीचं दुकान होतं, दिवसभर शेतकऱ्यांना समजावून दमलेले असायचे. "लोखंड घातलंय त्यात. त्याला काय होतंय?"

"असू द्या."

"दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक किती दिवस फुंकून पिणार तू?"

"पोळलं त्याला इचारा," आई म्हणायची आणि स्टोव्हला पंप मारायला लागायची.

घराला मागचं दार नव्हतं. ते आईनं भिंत फोडून बसवून घेतलं. गवंडी आत, आई अंगणात. हातातल्या काठीनं भिंतीवर खूण करत ती उन्हात उभी राहिली, दार बसलं, कडी बसली, आणि त्या दारातून तिनं स्वतः कितीतरी वर्षं आत पाऊल टाकलं नाही. दार झाल्यावर तिनं आम्हाला एकेक दार नेमून दिलं. अप्पा आणि भैया पुढचं, ती आणि मी मागचं. कुठंही असलो, काहीही झालं, तरी आपापल्या दारानं निघायचं. समोरचा कुठं पळतोय ते बघायचं नाही. सणावाराला पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना दार सांगितलं जायचं. आत्या हसायच्या. निघताना मात्र दोन्ही दारांकडं बघून निघायच्या.

पुढं लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. निलंग्याची, देवणीची, पार माहूरकडची पोरं ट्रंका घेऊन येऊ लागली आणि गल्लीतलं प्रत्येक घर खोल्या काढायला लागलं. आमचं घर तर रिकामंच. घराचे मालक अंगणात पत्र्याखाली आणि दुसऱ्यांची लेकरं आत स्लॅबखाली, असा उलटा संसार सुरू झाला. आईला त्या पोरांचा घोर लागला. नवीन पोरगं आलं की ती अंगणातूनच विचारायची, नाव काय, गाव कुठलं, जेवलास का, आणि मग, "हे बघ, तुझं दार मागचं. ध्यानात ठेव." आत चौकात भांड्यांची उतरंड रचून तिच्यावर पितळी लोटा पालथा ठेवायला लावलेला. जमीन हलली की लोटा पडणार आणि सगळे जागे होणार. लोटा पाडायचं काम बहुतेक वेळा मांजर करायचं. मग सगळी पोरं अंगणात, कुणाच्या हातात अर्धी भाकरी, कुणाच्या तोंडाला साबण. आई त्यांना डोळ्यांनी मोजायची. भैया मांजराला "आमचा भूकंपमापक" म्हणायचा आणि शिव्या खायचा.

भैया बारावी नापास. ज्या गावात पानटपरीवाला सुद्धा पोराचे टक्के विचारतो, त्या गावात हे घेऊन फिरणं सोपं नव्हतं. लग्नकार्यात तो मांडवाच्या मागच्या बाजूला राहायचा, वायर जोडत, माइक लावत. हात मात्र हुशार होते. संगणक दुरुस्त करता करता त्यानं एका क्लासच्या सरांना गाठलं. मोठ्या परीक्षा आता संगणकावर होणार अशी हूल उठली होती, पोरांना सराव पाहिजे होता. घराच्या पुढच्या मोठ्या खोलीला लागून आतली खोली होती, मधली भिंत काढून एक लांब हॉल झाला, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. तिथं सरांनी तीसेक संगणक मांडून दिले आणि दर रविवारी सराव पेपर सुरू झाले. मी बी.एड. होऊन नोकरीची वाट बघत घरात होते, पोरांवर लक्ष ठेवायला मी. आई अंगणातून. पोरं आत जाण्याआधी ती रांगा लावून सांगायची, डावीकडची रांग पुढच्या दारानं, उजवीकडची मागच्या.

पहिले पेपर साधे होते. मग सरांनी जीवशास्त्राच्या आकृत्या घातल्या, रंगीत, जड. बेल झाली, सगळ्या पोरांनी एकदम बटण दाबलं आणि सगळे पडदे पांढरे झाले. नुसतं गोल फिरणारं चक्र. पोरं आधी गप्प बसली, मग एक पोरगी रडायला लागली, मग तिच्या शेजारची. बाहेर थांबलेले आईबाप खिडक्यांना चिकटले. सर भैयाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले, ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "पुढच्या रविवारी नीट झालं तर ठीक. न्हाईतर मशिनी दुसरीकडं हलवतो, भैया. माझा पण धंदा हाय."

अप्पा त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "दुकानात जागा हाय तुझ्यासाठी. कधी पण ये." ते प्रेमानं म्हणाले होते. भैया जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेडच्या दारात बसून होता, आई सुपात तूर पाखडत होती. "काय झालंय रं तुझ्या मशीनला?" तिनं विचारलं.

"एकच दार हाय, आई," तो म्हणाला. सहज म्हणाला. "पेपर त्या एका मशीनमध्ये, आन् त्याला भाईर यायला एकच कार्ड. बेल झाली की समदे एकदम दारात."

सूप थांबलं. आई त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग दारं वाढव की."

तो हैदराबादला जाऊन जुनी कार्डं घेऊन आला. चंदेरी पिशव्यांमधून ती काढली की एक कोरा, कडवट वास यायचा, तो मला अजून कुठल्या दुकानात आला की थांबायला होतं. चारही बसवली, चार तारा लावल्या, आम्ही आणि खोल्यांतल्या पोरांनी मिळून एकदम बटणं दाबून बघितली. पुन्हा पांढरे पडदे. भैयानं कपाळाला हात लावला.

"चार दारं झाली, तरी समदे जुन्याच दारातून जालालेत," तो अंगणात येऊन म्हणाला.

"नेमून न्हाई दिलं तर जाणारच," आई म्हणाली. "माणसं वळखीच्या दाराकडंच पळतेत."

"तेच करलालो आता. चारही कार्डांचं मिळून एक करायचं. भाईरच्याला एकच दिसंल, आतून मात्र ज्याचं त्याला वाटून."

"मग चौपट पळंल?"

"एकट्याला न्हाई पळत. एकटा असला तर त्याला चार दारं असून काय उपयोग? तो एकातूनच जाणार. गर्दीला कामाला येतंय हे."

आईला हे पटलं. भैयाची गोष्ट तिला पटताना मी पहिल्यांदा बघितली.

त्या आठवड्यात मला नांदेडला मुलाखतीला जावं लागलं. रविवारी पहाटेच्या गाडीनं निघून मी परतले तर पोरं हॉलमध्ये बसायलाही लागली होती. पिशवी शेडमध्ये टाकून मी आत शिरले. सर पुढं उभे. भैया घामाघूम. आणि सर्व्हरचं लोखंडी टेबल मागच्या दाराला आडवं लावलेलं.

सगळ्या तारा जिथं जमतात तो स्विचचा डबा मागच्या भिंतीवर होता. चार तारा पुढच्या कोपऱ्यापर्यंत ताणल्या की निसटायच्या म्हणून भैयानं टेबलच मागं ओढलं होतं. त्यात त्याचा आळस नव्हता, आंधळेपणाही नव्हता. त्याचं दार पुढचं. लहानपणापासून कितीदा त्यानं मनात पळून बघितलं असेल, ते पुढच्याच दारानं. मागची ती जागा त्याच्या लेखी भिंतच होती. अप्पांचंही दार पुढचं. आणि जिचं दार मागचं, ती आत येत नव्हती.

"भैया, टेबल," मी म्हणाले आणि बेल वाजली.

सगळे पडदे एकदम उघडले. एका क्षणात, तीसही. हृदयाची आकृती, लाल आणि निळी, सगळ्या पडद्यांवर. सरांनी भैयाच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं, पण माझं लक्ष टेबलावरून हटत नव्हतं. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मागचं दार बंद झालंय."

त्यानं वळून बघितलं. "पेपर झाला की सरकवतो," तो पुटपुटला. "आता हात लावला तर तारा निघतील. थोडा वेळ. काय होतंय थोड्या वेळात."

थोडा वेळ. मी उजव्या रांगेच्या कडेला उभी राहिले. माउसची टिकटिक, पंख्याची घरघर, कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास. दाराखालच्या फटीतून अंगणातलं ऊन दिसत होतं आणि त्या उन्हात आईच्या पायांची सावली. ती तिच्या जागेवर उभी होती, मागच्या दाराबाहेर, तिच्या वाट्याची पोरं घ्यायला. दर रविवारी तशीच उभी राहायची. मी मनात म्हणत होते, देवा, एवढा पेपर होऊ दे.

मग जमीन बोलली. आमच्याकडं ते नवीन नाही. भूकंपानंतर कितीतरी वर्षं असे आवाज येत राहिले, पोटातून, ट्रॉलीतून दगड ओतल्यासारखे. कधी नुसता आवाज, कधी त्याच्याबरोबर थोडी थरथर. त्या दिवशी थरथर होती. चौकात उतरंडीवरचा लोटा खणकन पडला.

पोरं शिकवल्याप्रमाणं उठली, आणि मला भीती त्याचीच होती. डावी रांग पुढच्या दारानं सरळ बाहेर. उजवी रांग मागं वळली आणि टेबलावर येऊन आदळली. मी त्यांच्यात. मागच्यांना टेबल दिसत नव्हतं, ते रेटत राहिले. भैया टेबलाला दोन्ही हात लावून ओढत होता, पण समोरून रेटा होता, ते हलेना. दार बाहेरून ढकललं गेलं, हाताच्या पंजाएवढं उघडलं आणि टेबलाला थटलं. त्या फटीतून आईची बोटं आत आली. बांगडीसकट मनगट आलं. मग बोटं गेली. मला वाटलं ती पळाली. तिच्याविषयी मला असं वाटलं ते तेवढ्या एकदाच.

ती पुढून आली. घराला वळसा घालून, बाहेर पडणाऱ्या पोरांना कोपरानं सारत, स्लॅबखाली. "मागं व्हा," ती मागच्या पोरांना म्हणाली, ओरडून नाही, गुरांना वळवताना म्हणावं तसं. "पुढचं दार रिकामं हाय. तिकडं चला. तुझं दार आता पुढचं. तुझं पुढचं. चल बाळा." ती एकेकाच्या खांद्याला हात लावत गेली तसा रेटा सुटला. मग तिनं आणि भैयानं मिळून टेबल ओढलं. तारा तटातट निघाल्या. तीन निघाल्या, त्यातल्या एकीचं टोक कार्डातच तुटलं. दार उघडलं आणि ऊन आत आलं.

कुणाला काही झालं नाही. लिंबाखाली सगळी उभी, थरथर कधीच थांबलेली. भैया दारात खाली बसला होता, हातात तुटकी तार. सर त्याच्याकडं बघतही नव्हते. तेवढ्यात, आधीच्या रविवारी रडली होती ना, तीच पोरगी खिडकीतून आत डोकावली आणि म्हणाली, "सर, स्क्रीन चालू हाय. टाइम जालालाय."

खरंच चालू होती. चौथी तार जागेवर होती आणि सगळा पेपर तिच्या एकटीवरून चालला होता, हळू, पण चालला होता. पोरांच्या चेहऱ्यावरची भीती माझ्या डोळ्यांसमोर बदलली. जमीन हलली होती त्यापेक्षा जास्त आता ती घाबरली होती.

"आत जाणार व्हय तुमी?" आईनं विचारलं.

"काकू, वेळ संपला की पेपर आपोआप बंद होतोय," ती पोरगी म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "आमचा नंबर जाईल."

आईनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मला माहीत होतं आई काय करणार. ती दार लावून घेणार, आडवी उभी राहणार, कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. माझाही जीव तेच म्हणत होता.

"जावा," आई म्हणाली. "मी हाय दारात."

पोरं गेली. आईही त्यांच्यामागून आत गेली आणि मागच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून, एका हातानं दार उघडं धरून उभी राहिली. भैया तिच्या पायाशी बसून तारा पुन्हा जोडायला लागला. थोड्या वेळानं त्यानं वर बघितलं.

"आई, तू आत हायस."

"ठाव हाय. तू तुझं बघ."

वर स्लॅबकडं तिनं एकदाही बघितलं नाही. पेपर संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मशिनी गेल्या नाहीत. सर जाताना म्हणाले, "टेबल तेवढं हलव, भैया." त्यानंतर प्रत्येक रविवारी आई हॉलमध्ये मागच्या दाराशी स्टूल टाकून बसायची, मांडीवर शेंगा सोलायला. झोपायला मात्र शेवटपर्यंत शेडमध्येच. पुढं मोठ्या क्लासवाल्यांनी स्वतःचे हॉल बांधले, काचेचे, चार-चार मजली, आणि आमचा हॉल बंद पडला. भैया आता कॅमेरे बसवायची कामं करतो, बरं चाललंय त्याचं. मी नांदेडला शाळेत लागले. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दार एकच. आई एकदा आली होती, खाली पार्किंगमध्येच खुर्ची टाकून बसली, तिथंच चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. मी अजून कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, शाळेच्या नव्या वर्गात शिरले की आधी दारं बघते. वर्गातल्या पोरांना पहिल्या दिवशी काय सांगते ते मुख्याध्यापकांना अजून कळलेलं नाही.

"सापडलं का काही?" भैयानं बाहेरून विचारलं.

"हा सर्व्हर इथं कुणी ठेवला?"

"मीच. आई गेल्यावर हॉल रिकामा केला तवा. का?"

तो आत आला. त्यानं सर्व्हर बघितला, मग त्याच्यामागचं दार बघितलं. आई गेल्यापासून दार मोकळं आहे का, असं आम्हा दोघांनाही कुणी विचारणारं नव्हतं.

आम्ही दोघांनी मिळून सर्व्हर बाजूला ओढला. कडी गंजली होती, भैयानं दगडानं ठोकून काढली. दार अडलं, मग खांद्यानं रेटल्यावर उघडलं. पलीकडं लिंबाची सावली होती आणि तिथं कुणी उभं नव्हतं.

"चल," भैया म्हणाला आणि सवयीनं पुढच्या दाराकडं वळला. मी मागच्या दारानं बाहेर पडले.